थांबण्याची ढब

मुकुंद आवटी जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्याची बायको वैजयंती मिरजेच्या मंडईतून भाजी घेऊन घरी चालली होती. तिच्या पुढे एक लठ्ठसा, अनोळखी माणूस होता. त्याच्या पँटवरून, मांड्यांच्या आणि पोटऱ्यांच्या कडेने राखी रंगाच्या पट्ट्या नि सांधे दिसत होते, म्हणजे त्याने ‘पाऊल’ नावाचं चालवणारं यंत्र चढवलं होतं. औषधाच्या दुकानासमोर तो थांबला. आधी उजवा पाय टेकला, क्षणभर अंग तसंच ताठ राहिलं, आणि मग कमरेतून तो हलकेच डावीकडे वळला. मागून कुणीतरी येतंय आणि त्याच्यासाठी थांबायचंय, असा.

“आले, आले,” वैजयंती म्हणाली आणि झपाझप चालू लागली.

थोडं पुढे गेल्यावर ती भानावर आली. तो माणूस तिच्याकडे बघतही नव्हता. दुकानदाराकडून त्याने गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. वैजयंती रस्त्यात तशीच उभी राहिली. मागून आलेली रिक्षा तिला वळसा घालून गेली, रिक्षावाला काहीतरी पुटपुटला, ते तिच्या कानांपर्यंत पोचलं नाही.

मुकुंद मोजणी खात्यात होता. सगळी हयात शेतांच्या बांधांवरून चालण्यात गेलेली, त्यामुळे त्याची चाल भरभर होती. वैजयंती शाळेत भूगोल शिकवायची. ती बुटकी, तिची पावलं आखूड, आणि रस्त्याने जाताना नजर दहा ठिकाणी रेंगाळणारी. दोघं बाहेर पडली की थोड्याच वेळात तो पुढे आणि ती मागे, त्याच्या डाव्या हाताला, असं व्हायचं. मग तो थांबायचा आणि डावीकडे वळून तिची वाट बघायचा. सगळा संसार असाच झाला. तिला त्यात कधी काही कौतुकाचं वाटलं नव्हतं. उलट ती चिडायची. एवढं पुढे पळायचं आणि मग उपकार केल्यासारखं थांबायचं, त्यापेक्षा जरा हळू चाललं तर काय बिघडतं, असं ती त्याला कितीदा तरी म्हणाली होती.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना मुकुंदच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली. शस्त्रक्रियेने तो वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. त्याच सुमाराला मिरजेत ‘चरण’ नावाची एक छोटी प्रयोगशाळा निघाली होती. पाय गेलेल्या माणसाला पुन्हा चालवणारा सांगाडा तिथली पोरं बनवत होती, आणि तो अंगावर चढवून बघायला तयार होईल असा कुणीतरी त्यांना हवा होता. मुकुंद तयार झाला. ‘पाऊल’ घालून जगात पहिल्यांदा चालला तो मुकुंद आवटी. पुढे पाच वर्षं तो त्याच्यावर हिंडला, आणि एका सकाळी चहा पिता पिता हृदय बंद पडून गेला.

त्यांना मूलबाळ नव्हतं. वैजयंती दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहू लागली.

‘पाऊल’ चालतं कसं, हे मुकुंदने तिला एकदा समजावून सांगितलं होतं. कण्याला जिथे इजा झाली असेल त्याच्या जरा वर तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक बसवतात. चालायचं असं मेंदूने ठरवलं की त्याचा निरोप कण्यातून खाली निघतो आणि इजेपाशी येऊन अडतो. संवेदक तो तिथेच टिपतो आणि सांगाड्यातल्या मोटरींना कळवतो. पण हा निरोप अगदी ढोबळ असतो, ‘चल’ किंवा ‘थांब’ एवढाच. पाऊल किती लांब टाकायचं, टाच कधी टेकायची, कंबर किती झुकू द्यायची, हे आधी आपले पायच ठरवत होते. आता ते सांगाड्यातल्या प्रोग्रामने ठरवायचं. त्यासाठी माणसाचे जुने व्हिडिओ शोधतात आणि पाय शाबूत असताना तो कसा चालायचा याची मापं त्यावरून घेतात. मुकुंदच्या वेळी वैजयंतीने लग्नाकार्यांचे आणि सहलींचे मिळतील तेवढे व्हिडिओ प्रयोगशाळेत नेऊन दिले होते. त्या सगळ्यांत ती त्याच्या मागे, डावीकडे चालत होती.

मुकुंद असताना ‘पाऊल’ वापरणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते. तो गेला आणि सरकारने योजना आणली. वर्षभरात सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागात राखी पट्ट्यांची माणसं सर्रास दिसू लागली.

औषधाच्या दुकानासमोरचा माणूस हा योगायोग असेल, अशी वैजयंतीने मनाची समजूत घातली. मग तिला एस.टी. स्टँडवर एक म्हातारी दिसली. फलाटाच्या कडेला ती थांबली आणि डावीकडे वळली. नंतर एक कॉलेजातला मुलगा दिसला. त्याची चाल मुकुंदसारखी अजिबात नव्हती, पाय फेकत रमतगमत चालायचा. पण थांबला की तोच उजवा पाय, तोच ताठपणा, तेच डावीकडे वळणं.

प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला एक बाग होती. ‘पाऊल’ नव्याने मिळालेल्यांना तिथे सराव करायला सांगत. वैजयंती संध्याकाळी तिथल्या बाकावर जाऊन बसू लागली. सुरुवातीला नुसती बसायची. मग एकदा ती उठली आणि एका माणसाच्या मागे, डाव्या बाजूने, थोडं अंतर ठेवून चालू लागली. बागेच्या टोकाला तो थांबला आणि वळला. तिने पावलं उचलली आणि त्याला गाठलं. तो परका माणूस ओशाळं हसला, तीही हसली आणि पुढे निघून गेली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिने कितीतरी दिवसांनी आमटीला नीट फोडणी घातली आणि ती ताट वाढून घेऊन जेवली.

मग तिला त्याची सवयच लागली. कोल्हापूरची धाकटी बहीण नलू तिला चार दिवस राहायला ये म्हणून सारखी मागे लागायची. वैजयंती दर वेळी काहीतरी कारण सांगायची. शाळेतल्या जुन्या मैत्रिणींनी हंपीला जायचं ठरवलं, ही गेली नाही. फोन आला की पाच वाजायच्या आत बोलणं आवरतं घ्यायची. कुणाशी तरी याबद्दल बोलावं असं तिला वाटायचं, पण काय बोलणार? मुकुंद रोज संध्याकाळी बागेत माझ्यासाठी थांबतो, असं सांगितलं तर नलू दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे घेऊन गेली असती. आणि आपण वेड्या झालो नाही हे वैजयंतीला पक्कं ठाऊक होतं. ते वळणं मुकुंदचंच होतं. ते या सगळ्यांत कुठून आलं हे तिला माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारायचंही नव्हतं.

बागेत येणाऱ्यांत एक तिशीच्या आतली मुलगी होती, उत्कर्षा पाटोळे. ती तासगावची. बेदाण्याच्या शेडमध्ये प्रतवारीच्या पट्ट्यावर कामाला होती. दुचाकीला ट्रॅक्टरने ठोकरल्यामुळे कण्याला मार बसून तिचे पाय लुळे पडले होते. आठवड्यातून दोनदा ती तपासणीला मिरजेला यायची आणि बसची वेळ होईपर्यंत बागेत चालायची. तिची चाल मुकुंदसारखीच भरभर होती, त्यामुळे वैजयंती तिच्या मागे जास्त वेळा जायची. एक दिवस उत्कर्षा थांबली, वळली आणि तशीच उभी राहिली.

“काकू, तुम्ही माझ्या मागनं का येताय?”

आपले यजमानही ‘पाऊल’ वापरायचे, म्हणून बघावंसं वाटतं, एवढंच वैजयंती म्हणाली. ते खोटं नव्हतं. उत्कर्षाचा आवाज लगेच मऊ झाला. दोघी बाकावर बसल्या. उत्कर्षाने पिशवीतून मूठभर बेदाणे काढून तिच्या हातावर ठेवले आणि ती बोलत राहिली. तिला बोलायला कुणीतरी हवंच होतं. आई सारखी डोळे पुसते आणि ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो आता फोन उचलत नाही, हे तिने दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं सांगून टाकलं. मग ती पायांबद्दल बोलू लागली.

चालायला काही अडचण नाही, ती म्हणाली, अगदी पूर्वीसारखं चालता येतं. पण थांबलं की हे पाय तिला डावीकडे फिरवतात. मनात नसताना. शेडमधला ओटा कमरेएवढा उंच, त्याला कठडा नाही, आणि कडेच्या अंगाने ये-जा करावी लागते. तिथे थांबलं की काळजात धस्स होतं. तिने प्रयोगशाळेत दोनदा सांगून पाहिलं. त्यांनी तिची सगळी मापं पडद्यावर काढून दाखवली. सगळी बरोबर होती. सराव कमी पडतोय, असं म्हणाले.

“तुमच्या यजमानांचं पण असंच व्हायचं का?” उत्कर्षाने विचारलं.

हा प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तरही सरळ होतं. वैजयंतीने हातातल्या बेदाण्यांकडे पाहिलं. आपण ‘हो’ म्हटलं तर ही मुलगी आत जाईल, ते शोधतील, त्यांना सापडेल आणि ते काढून टाकतील. सगळ्यांतूनच.

“आठवत नाही गं,” ती म्हणाली.

त्यानंतर उत्कर्षा तिला लांबून बघूनच हात करायची. दोघी मिळून बागेला फेऱ्या मारायच्या. उत्कर्षा भरभर पुढे जायची, थांबायची, वळायची आणि वैजयंती पोचेपर्यंत हसत उभी राहायची. “तुमच्याबरोबर असलं की बरं पडतंय, काकू,” ती एकदा म्हणाली. “मी मुद्दामच वळलेय असं वाटतंय.” वैजयंतीने हे ऐकलं आणि विषय बदलला.

मग एका आठवड्यात उत्कर्षा आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. वैजयंतीने फोन केला तो तिच्या आईने घेतला. पोर ओट्यावरून खाली पडली होती. डाव्या अंगावर. गळ्याखालचं हाड मोडलं होतं आणि डोक्याला टाके पडले होते. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचली, खाली वजनकाटा होता. तो अजून वीतभर अलीकडे असता तर बघायला नको होतं.

वैजयंतीने फोन ठेवला. चप्पल घातली आणि ती रिक्षा करून थेट प्रयोगशाळेत गेली.

समीर नदाफ तिथे आता प्रमुख अभियंता झाला होता. मुकुंदच्या वेळी तो कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, मिशीही धड न फुटलेला मुलगा होता. मुकुंदच्या पायांना पट्ट्या बांधण्यापासून सगळं त्याने केलं होतं. त्याने वैजयंतीला खुर्ची दिली, पाणी दिलं, इतक्या दिवसांत इकडे का फिरकला नाहीत म्हणून विचारलं. ती पाणी प्यायली नाही.

“समीर, तुमच्याकडची सगळी माणसं मुकुंदसारखी थांबतात,” ती म्हणाली.

त्याला ते आधी कळलंच नाही. मग त्याला वाटलं, काकूंना काकांची आठवण येत असावी. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की प्रत्येकाची मापं वेगळी असतात, ती त्याच्या त्याच्या व्हिडिओंवरून घेतात आणि एकाचं दुसऱ्याला लागूच शकत नाही. तिने उत्कर्षाचं नाव घेतलं. त्याने उत्कर्षाची नोंद उघडून तिला दाखवली. थांबताना कमरेचं वळण: शून्य.

“हे तुम्ही तिला सांगितलेलं,” वैजयंती म्हणाली. “आता ती खरोखर थांबते तेव्हा काय होतं ते बघा.”

सांगाडा स्वतःच्या हालचाली साठवून ठेवत असतो. समीरने त्या उघडल्या. उत्कर्षा जिथे जिथे थांबली होती तिथे तिथे कंबर बारा अंश डावीकडे गेली होती. त्याने दुसऱ्या एकाचं उघडलं, मग तिसऱ्याचं. मग तो नुसता पडदा खालीवर करत राहिला. शेवटी त्याने खुर्ची मागे सरकवली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

त्याने तिला जे समजावलं ते असं. प्रोग्राममध्ये प्रत्येक माणसाचा एक साचा असतो, त्याला क्लास म्हणतात. पहिला क्लास मुकुंदसाठी लिहिला. त्यात मुकुंदचे न बदलणारे आकडे होते, म्हणजे स्थिरांक, आणि ते वापरून कसं चालायचं नि कसं थांबायचं याच्या कृती होत्या. दुसरा माणूस आला तेव्हा सगळं नव्याने लिहायची गरज नव्हती. त्याचा क्लास मुकुंदच्या क्लासचा वारस म्हणून करायचा. वारसाला कृती आयत्या मिळतात, फक्त स्थिरांक त्याने आपले मांडायचे. म्हणून पहिल्या क्लासला आईबापाचा क्लास म्हणतात आणि पुढच्यांना मुलांचे क्लास. मुकुंदच्या क्लासचं नाव आजही ‘मुकुंद’ असंच होतं, कुणी बदललंच नव्हतं. हजाराच्या वर माणसं त्याची वारस होती.

“मग त्यांनी आपले आकडे मांडले होते ना?” तिने विचारलं.

“मांडले होते, काकू. म्हणून तर आम्हाला दिसलं नाही.” समीर थोडा थांबला, सोपं काय सांगावं याचा विचार करत. “समजा, आईनं मुलीला भाताची कृती सांगितली. माझ्या मुठीनं दोन मुठी तांदूळ घे. मुलगी हुशार, तिला कळतं की आता आपल्या मुठीनं घ्यायचे. पण यंत्र शब्दाला धरून चालतं. कृतीत ‘माझ्या’ असं लिहिलं असेल, तर ती ज्याच्या क्लासमध्ये लिहिली त्याच्याच मुठीनं घेणार. मुलीची मूठ समोर असली तरी तिच्याकडे बघणारसुद्धा नाही. आमची थांबायची कृती तशी आहे. ती लिहिली तेव्हा काका एकटेच होते. ‘माझ्या’ लिहिलं काय आणि ‘चालणाऱ्याच्या’ लिहिलं काय, सारखंच होतं. पुढं चालण्याची कृती आम्ही सुधारून घेतली. थांबणं नीट चाललं होतं, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही.”

“आता काय करणार?”

“एक शब्द बदलायचा. ‘माझ्या’च्या जागी ‘ज्याचे पाय आहेत त्याच्या’. तपासून बघायला आठवडा लागेल, मग सगळ्यांच्या सांगाड्यांत एकदमच जाईल.” त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि बहुधा त्याला तेव्हाच ती इतके दिवस इथे का आली नव्हती आणि आज का आली हे कळलं. “काकांचा क्लास आहे तिथंच राहील, काकू. सगळे त्याच्यावरच तर उभे आहेत. फक्त त्यांचा तो आकडा दुसरं कुणी वाचणार नाही.”

ती उठली. दाराशी ती पोचली तेव्हा समीर मागून आला. मुकुंदचं जुनं ‘पाऊल’ आतल्या खोलीत अजून जपून ठेवलंय, असं तो चाचरत म्हणाला. आधाराच्या रुळावर अडकवलं तर ते रिकामंही चालतं. त्यात काहीच बदलणार नाही. तुम्हाला कधी बघावंसं वाटलं तर, कधीही. आत्तासुद्धा.

वैजयंतीने होकारार्थी मान हलवली.

आतल्या लांबट खोलीत समीरने तो सांगाडा छतावरच्या रुळाला अडकवला. पट्ट्यांचा राखी रंग मांड्यांपाशी झिजून पांढुरका झाला होता. मुकुंद बसल्या बसल्या तिथे हात चोळायचा. समीरने कळ दाबली. सांगाडा निघाला, भरभर, लांब टांगा टाकत. वैजयंती आपोआप त्याच्या मागे, डावीकडे चालू लागली. खोलीच्या टोकाशी तो थांबला. उजवा पाय टेकला, ताठ झाला आणि डावीकडे वळला.

वळणं अगदी जसंच्या तसं होतं. तिने मान वर करून पाहिलं. कमरेच्या पट्ट्याच्या वर काही नव्हतं. पलीकडची भिंत होती, आणि भिंतीवर आग विझवायचं नळकांडं.

“बंद कर,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती तासगावला गेली. उत्कर्षा खाटेवर उशांना टेकून बसली होती, खांद्याला पट्टा, कपाळावर टाके. ‘पाऊल’ कोपऱ्यात उभं करून ठेवलं होतं आणि त्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. वैजयंतीने येताना ठरवलं होतं की सगळं सांगायचं. आई चहा करायला आत गेल्यावर तिने सांगितलं. पायांत चूक होती, ती सापडली आहे, आठवड्यात दुरुस्त होईल. तुझा सराव कमी नव्हता. ते वळणं माझ्या नवऱ्याचं होतं.

उत्कर्षा ऐकत होती. आधी तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. मग ते हळूहळू गेलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मी इचारलं तेव्हा?”

“तेव्हाही.”

उत्कर्षाने भिंतीकडे तोंड फिरवलं. खांद्यामुळे तिला पूर्ण वळता येईना, तरी जेवढं जमलं तेवढं ती वळली. आई चहा घेऊन आली. तिला काहीच माहीत नव्हतं. एवढ्या लांबून आलात, पोरीला बरं वाटलं, जेवूनच जा, असं ती म्हणत राहिली. वैजयंतीने चहा गरम गरमच संपवला आणि ती निघाली. बसमध्ये बसल्यावर तिची जीभ भाजल्याचं तिच्या लक्षात आलं.

दुरुस्ती झाल्याचा निरोप समीरने पाठवला त्या संध्याकाळी ती बागेत गेली. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाऊन घरी काय करायचं हेही कळत नव्हतं. दहा-बाराजण चालत होते. एक म्हातारा थांबला तेव्हा गुडघ्यातून किंचित लवला. कॉलेजातला तो मुलगा थांबला की एका पायावर रेलायचा, पोरं पानपट्टीशी उभी राहतात तसा. एक बाई पावलं लहान लहान करत थांबली. सगळी आपापली थांबत होती. कुणी वळलं नाही. वैजयंती जरा वेळ बसली आणि अंधार पडायच्या आत घरी आली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मुकुंद गेला तेव्हा माणसं होती, विधी होते, येणंजाणं होतं. या वेळी सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तिने नलूला फोन केला आणि ती कोल्हापूरला जाऊन राहिली, पण तिथे जास्तच एकटं वाटू लागलं म्हणून परत आली. सकाळी ती भाजी आणायची, दुपारी रेडिओ लावून पडायची, संध्याकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायची. ते लवकर संपू नये म्हणून पेल्याने घालायची. उत्कर्षाला तिने दोनदा फोन केला. तो वाजून वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा तिने केला नाही.

थंडीचे दिवस सुरू झाले होते. एका रविवारी दुपारी जिन्यात मोटरींचा बारीक आवाज आला. एकेक पायरी चढत तो वर येत होता. वैजयंतीने दार उघडलं. उत्कर्षा शेवटची पायरी चढली आणि थांबली. दोन्ही पाय शेजारी आणून, खाड्कन, शाळेत कवायतीला थांबतात तशी. तिचं स्वतःचं थांबणं असं होतं तर.

“आत येऊ का?” ती म्हणाली.

ती खुर्चीत बसली. खांदा बरा झाला होता. कपाळावर व्रण राहिला होता आणि त्यावर तिने केस ओढून घेतले होते. वैजयंतीने चहाचं विचारलं, ती नको म्हणाली. वैजयंतीला माफी मागायची होती, पण सुरुवात कशी करावी हे तिला सुचत नव्हतं.

“माझा राग गेला नाही,” उत्कर्षा म्हणाली. “हे आधीच सांगते. तो जाईल का नाही ते पण ठाऊक नाही.”

“बरोबर आहे तुझं.”

“पण दुसरंच एक झालंय. ते काढल्यापासनं मला चुकल्यासारखं होतंय. थांबलं की वाटतंय, आता वळायचं. आणि कोण वळवतच नाही.” ती आपल्या गुडघ्यांकडे बघत होती. “एवढे महिने एक माणूस माझ्या अंगात वागला, काकू. मी त्याच्यापायी पडले. आणि तो कोण होता, कसा होता, मला काहीच माहीत नाही. तुम्ही एकदा पण सांगितलं नाहीत. मला ते ऐकायचंय.”

वैजयंती तिच्याकडे बघत राहिली. मुकुंद गेल्यावर लोकांनी तिला बरंच काही विचारलं होतं. आजाराचं, यंत्राचं, शेवटच्या सकाळचं. पेपरवाल्यांनी पहिल्या माणसाबद्दल विचारलं होतं. तो कसा होता, हे कुणीच विचारलं नव्हतं. बहुतेकांना ते ठाऊक असल्यासारखं वाटत होतं आणि बाकीच्यांना त्याची गरज नव्हती.

“चिडका होता,” ती म्हणाली. “भूक लागली की तर विचारूच नकोस. आणि खोटारडा. मोजणीला गेला की शेतकरी त्याला बांधावर बसवून झुणका-भाकरी खाऊ घालायचे. तिथे पोटभर जेवायचा आणि घरी येऊन मला सांगायचा, सकाळपासून उपाशी आहे. मी चिडून पुन्हा स्वयंपाकाला लागायची. आणि हा तेही सगळं जेवायचा.”

उत्कर्षा खुर्चीत मागे टेकून बसली.

“मग?” ती म्हणाली.